हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

बाहेरून आलेल्या माणसाच्या राहण्यावर, जमीन घेण्यावर किंवा नोकरी धरण्यावर अनेक ठिकाणी कायद्याने मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा कसोशीने पाळली जावी, असे सामान्य लोक म्हणतात. पुढारी मात्र सबुरीने घ्या म्हणतात. हा झगडा जगात ठिकठिकाणी चालू आहे. आसामात १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे याच प्रश्नावर आंदोलन झाले. अमेरिकेतील आणि युरोपातील निवडणुकाही आज याच प्रश्नाभोवती फिरतात. अशा वेळी धर्म कोणाच्या बाजूला उभा असतो? बहुसंख्य लोक म्हणतात म्हणून त्यांचे म्हणणे न्याय्य समजावे, की राज्यकर्ते हात आखडता घेतात म्हणून त्यांना दयाळू समजावे?

या प्रश्नासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. तो आदिलाबादच्या आपल्या उंबरठ्यावरच उभा आहे. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. भाषावार राज्यरचनेत ते मराठी मुलखात गेले. पुढे २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. कागदावरील रेषा बदलत गेल्या, माणसांची ये-जा मात्र कधी थांबली नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे देगलूर, बिलोली, उदगीर, लातूर या बाजूंनी माल घेऊन इकडे आले. कोणी किराणा मांडला, कोणी कापसाची अडत घातली, कोणी व्याजबट्टा केला, कोणी शेत घेतले. तेव्हा येथे बाहेरचा कोण असे कोणी विचारले, तर बोट आपल्याकडेही वळते, हे आरंभीच ध्यानात घेऊन पुढे जाऊ या.

कोणी म्हणेल, आपण तर एकाच देशाचे नागरिक. देशात कोठेही जावे, कोठेही राहावे. हे खरेच आहे. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने तो अधिकार प्रत्येकाला दिला आहे. परंतु त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, अनुसूचित जमातींच्या हिताचे रक्षण करण्यासाठी या अधिकारावर वाजवी बंधन घालता येईल. म्हणजे ज्या हाताने दार उघडले, त्याच हाताने एका दुर्बळ घराला कडीही दिली. ही कडी कोणावर अन्याय म्हणून दिलेली नाही. डोंगरातला गोंड आणि कोलाम यांना दस्तऐवज वाचता येत नव्हता, व्याजाचा हिशेब कळत नव्हता, कचेरीची भाषा येत नव्हती. अशा माणसाला बाजारात उघडे सोडणे म्हणजे वासराला लांडग्यांसमोर बांधणे होय, हे घटनाकारांना कळत होते.

ही कडी कशी आली, तेही पाहिले पाहिजे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला. जमीन आणि जंगल यांवरील हक्क मागितला, हाच त्याचा अपराध. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन विद्वान मार्लवाई येथे गोंडांमध्ये राहून अभ्यास करीत होता. त्याच्या सल्ल्याने गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले आणि आदिवासी क्षेत्रासाठी वेगळा कायदा आला. पुढे आंध्र प्रदेशाने १९५९ मध्ये अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतराचा नियम केला, तो १९६३ मध्ये तेलंगणात लागू झाला, आणि १९७० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तीच आपल्याकडे 'एक-सत्तर' म्हणून सर्वांना ठाऊक आहे. या नियमाप्रमाणे अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होऊच शकत नाही; देणारा आदिवासी असो की बिगर-आदिवासी. तेथे एखाद्या बिगर-आदिवासीकडे जमीन असेल, तर ती मुळात आदिवासीचीच असावी असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार जमीन धरणाऱ्यावर आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम वैध ठरविला.

आता आपल्या घरात एक शंका निघते, आणि ती प्रामाणिक आहे. परक्याला आपला म्हणावे, हे बसवण्णांचे वचन आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. कल्याणात तर सगळेच बाहेरून आलेले. परंपरा सांगते की मोळिगेय मारय्या काश्मीराहून आले, सिद्धराम सोन्नलिगेहून आले, अल्लमप्रभू बळ्ळिगावीहून आले. स्वतः बसवण्णा बागेवाडीचे. आणि कल्याणात रक्तपात झाल्यावर हेच शरण निर्वासित होऊन उळवीच्या रानापर्यंत गेले. मग ज्या धर्माचा पायाच आल्यागेल्याच्या स्वागतावर उभा आहे, त्याने बाहेरच्याला अडविणाऱ्या कायद्याची बाजू कशी घ्यावी?

सद्भक्तहो, हे वचन कोणी कोणाला म्हणायचे आहे, हे नीट पाहावे. ते यजमानाच्या तोंडी शोभते. दारात आलेल्याला घरधन्याने आपला म्हणावे, यात दासोह आहे. परंतु पाहुण्यानेच ते वचन म्हणत ओसरीवरून माजघरात शिरावे आणि कोठीच्या किल्ल्या कमरेला लावाव्या, तर त्याला काय म्हणाल? आतिथ्य ही देण्याची वस्तू आहे, घेण्याची नव्हे. मारय्या कल्याणात आले आणि त्यांनी रानातून लाकडाच्या मोळ्या आणून विकल्या. आले, कायक धरले, घामाचे खाल्ले. कोणाचे शेत आपल्या नावे करून घेतले, असे त्यांच्या चरित्रात कोठे नाही. येणे आणि बळकावणे यांत हाच भेद आहे, आणि आदिलाबादच्या डोंगरात यजमान गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, तोटी हे आहेत. आपण तेथे पाहुणे आहोत.

आता पुढाऱ्यांचा पूर्वपक्ष ऐकू. ते म्हणतात, "लोकांचे डोके तापलेले असते. आम्हाला सर्वांना घेऊन चालायचे असते. तीस-चाळीस वर्षे एखादा गरीब कुणबी, एखादा दलित तेथे नांगर धरून आहे. कायद्याचा काटेकोर अंमल केला, तर त्याची चूल विझेल. दयेलाही राज्यकारभारात जागा आहे." हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७९ मध्ये आंध्र सरकारने असाच आदेश काढला होता. अनुसूचित क्षेत्रात ज्या बिगर-आदिवासींकडे ओलिताची ५ एकर किंवा कोरडवाहू १० एकरांपर्यंत जमीन आहे, त्यांना हलवू नये, असे त्यात म्हटले होते. लहान माणसावर दया, असे त्याचे रूप होते. न्यायालयात तो आदेश टिकला नाही.

का टिकू नये? कारण या दयेचा खर्च कोणी भरायचा हे त्या आदेशात लपलेले होते. तो खर्च गोंडाने भरायचा होता. आपल्या मराठीत यासाठी एक नेमकी म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. मिठाई हलवायाची, दुकान हलवायाचे, आणि दानाचे पुण्य मात्र पान ठेवणाऱ्याचे. दया करायची असेल, तर राज्याने आपल्या तिजोरीतून करावी. त्या गरीब कुळाला अनुसूचित क्षेत्राबाहेर सरकारी जमीन द्यावी, काम द्यावे. इतकी वर्षे कायदा न चालविण्याचा दोष राज्याचा आहे, तेव्हा त्याची भरपाईही राज्यानेच केली पाहिजे. परंतु तसे होत नाही. कारण त्या ५ एकरवाल्याच्या आडोशाला ५० एकरवाला उभा असतो, आणि पुढाऱ्याच्या बैठकीत खुर्ची मिळते ती त्या ५० एकरवाल्याला. गरिबाची कणव पुढे करून श्रीमंताचे रक्षण करणे, ही राजकारणातील फार जुनी युक्ती आहे.

राज्याच्या हातांत बळ नसते असेही नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे आदिवासींची सभा व्हायची होती. जमिनीचे हक्क आणि दलालांकडून होणारी लूट हेच त्यांचे गाऱ्हाणे. सभेची परवानगी ऐन वेळी नाकारली गेली. बाजाराचा दिवस, माणसे डोंगरातून आलेली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. आता विचार करा. एक-सत्तर तेव्हा अकरा वर्षांचा झाला होता. तो चालविण्यासाठी राज्याला माणसे मिळत नव्हती, वेळ मिळत नव्हता. सभाबंदीचा हुकूम चालविण्यासाठी मात्र एका दिवसात बंदुका मिळाल्या. कायदा कठोर की सौम्य हा प्रश्नच नव्हता. तो कोणावर चालवायचा, एवढाच प्रश्न होता. त्याच डोंगरात केस्लापूर येथे नागोबाच्या जत्रेत दरबार भरतो. १९४० च्या दशकात सुरू झालेल्या या दरबारात अधिकारी आणि मंत्री येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. ऐकणे चांगलेच. पण तेच गाऱ्हाणे पणतवंडालाही पुन्हा सांगावे लागत असेल, तर ऐकणाऱ्याच्या कानात नव्हे, मनात दोष आहे असे म्हणावे लागते.

न पाळलेला कायदा झोपत नाही, हेही आपण याच भूमीत पाहिले. तेलंगणातील नोकऱ्यांत नियमबाह्य शिरलेल्या परस्थांना परत पाठवावे, असा ६१० क्रमांकाचा आदेश १९८५ च्या अखेरीस निघाला. तो कागदावरच राहिला. तो का पाळला गेला नाही, हे पाहण्यासाठी २००१ मध्ये गिरग्लानी आयोग नेमावा लागला. तोवर एक पिढी नोकरीच्या वयातून निघून गेली होती. आज वेळेवर चालविलेला कायदा काही लोकांना गैरसोयीचा होतो. तीस वर्षांनी तोच संताप होऊन येतो आणि त्या संतापाला माणूस आणि माणूस यांतील भेद कळत नाही.

येथे जनमताकडे वळले पाहिजे, कारण जनमतही सोवळे नाही. १९७६ च्या कायद्याने लंबाडा समाज तेलंगणातही अनुसूचित जमातींच्या यादीत आला. तोच समाज महाराष्ट्रात बंजारा म्हणून विमुक्त जातींत मोडतो. पैनगंगेच्या एका तीरावर एक दाखला, दुसऱ्या तीरावर दुसरा. नदी ओलांडली की जमीन आणि नोकरी दोहोंची दारे उघडतात, हे पाहून किनवट-माहूरकडून किती तरी कुटुंबे इकडे आली, अशी गोंडांची तक्रार आहे. २०१७ च्या अखेरीस 'तुडुम देब्बा' संघटनेच्या पुढाकाराने ही तक्रार रस्त्यावर आली. काही गावांत लंबाडा शिक्षकांना शाळेत पाऊल ठेवू दिले नाही. डिसेंबरात उटनूर भागात दंगा होऊन जमावबंदी लागली. त्या शिक्षकाने काय अपराध केला होता? कित्येक लंबाडा तांडे येथे चार-पाच पिढ्यांचे आहेत. यादी संसदेने केली, दाखला तहसीलदाराने दिला, मते पुढाऱ्याने घेतली. आणि शाळेच्या दारात अडविला गेला तो मुलांना बाराखडी शिकविणारा.

खरे तर नंतर आलेल्यांबद्दल कायदा केव्हाच स्पष्ट आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातील एका विद्यार्थ्याचे प्रकरण आले. त्याची जमात आंध्रात अनुसूचित होती. कुटुंब मुंबईस गेले, म्हणून त्याने तेथील वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. न्यायालयाने सांगितले की जमातीची यादी त्या त्या राज्यापुरती असते. स्थलांतर करून गेलेल्याला तो लाभ दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. हा न्याय पैनगंगेवरही तसाच लागू आहे. म्हणजे नवा कायदा नको, जमातीवर बहिष्कार नको. कोण केव्हा आला, दाखला कोणत्या कागदावर दिला, कोणाच्या शिफारशीने दिला, हे एकेका प्रकरणात तपासले तरी पुरे. ते काम शांतपणे, कचेरीत बसून व्हायचे आहे, आणि त्यात पहिला जाब दाखला घेणाऱ्याच्या आधी दाखला देणाऱ्याला विचारला पाहिजे. ते होत नाही म्हणून २०२५ मध्ये हा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील बंजारा समाज हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीचा दर्जा मागत मोर्चे काढू लागला. पुढाऱ्यांनी दोन्ही तीरांवर आश्वासने दिली आहेत. दोन्ही तीरांवरचे गरीब एकमेकांकडे डोळे वटारून पाहत आहेत.

बेकायदा राहणाऱ्याला परत पाठविणे आणि त्याची विटंबना करणे या दोन गोष्टी आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. ते तेथे परवान्यावाचून गेले होते हे मान्य करूनही आपल्या घराघरांत हळहळ झाली. ती हळहळ योग्यच होती. परवान्यावाचून जाणाऱ्यांना पैसे घेऊन पाठविणारे दलाल त्या विमानात नव्हते, आणि अशांना राबवून नफा करणारे मालकही नव्हते. आपल्या मुलाच्या बेड्या पाहून ज्याचे मन कळवळते, त्याने शाळेच्या दारात अडविलेल्या लंबाडा शिक्षकासाठीही कळवळले पाहिजे. आणि ज्याची जमीन गेली त्या गोंडासाठी तर सर्वांत आधी.

मग जनमत मानावे की नाही? एक जुना दाखला घेऊ. निजामाने १९१९ मध्ये मुल्की नियम केले. पंधरा वर्षे रहिवास असलेल्यालाच येथील सरकारी नोकरी. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम अद्याप लागू असल्याचे सांगितले. मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांनी निकालाचे स्वागत केले. तेलंगणातील जनमत संतुष्ट झाले, किनारपट्टीवरील जनमत पेटून उठले. जानेवारी १९७३ मध्ये नरसिंह रावांचे पद गेले, आणि त्याच वर्षी संसदेने मुल्की नियमच रद्द केले. कायदा एक, जनमते दोन. ज्याचा गलका मोठा त्याचे चालले. तेव्हा 'लोकांचे मत' असे कोणी म्हटले की आपण दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली: हा कायदा कोणाच्या रक्षणासाठी केला आहे, आणि त्या माणसाचे मत काय आहे? त्या दुर्बळाचे मत पहिले. बाकीची मते नंतर. दुसरी: कायदा चालवा म्हणणारा स्वतः त्या कायद्याखाली उभा राहायला तयार आहे काय? या दोन कसोट्यांना उतरले, तर ते जनमत पुढाऱ्याच्या सबुरीपेक्षा श्रेष्ठ समजावे. न उतरले, तर तो नुसता गोंगाट आहे. पुढाऱ्याच्या दयेलाही हीच कसोटी लावावी: तो स्वतःचे काही देतो आहे, की हलवायाचे?

शरणांनी बोलणे आणि चालणे यांत अंतर पडू दिले नाही, म्हणून त्यांचे बोलणे आठ शतके टिकले. म्हणून आता आपल्या चालण्याविषयी चार शब्द.

आपल्यातील काही घरांत उटनूर, नार्नूर, जैनूर या भागांतील जमीन गड्याच्या नावावर आहे. नाव गोंडाचे, पीक आपले. कोठे व्याजात गहाण पडलेले शेत दोन पिढ्या सुटलेले नाही. कोठे गोंड स्त्रीशी संसार मांडून तिच्या नावे जमीन घेतली आहे. हे सर्व करणारे लोक आसामविषयी, अमेरिकेविषयी, सीमेपलीकडून येणाऱ्यांविषयी कडक कायद्याच्या गप्पा चावडीवर करतात. सद्भक्तहो, अशी गप्पा करणाऱ्याने आधी आपल्या पेटीतला कागद काढून पाहावा. त्या जमिनीतून आलेले धान्य कायकाचे नव्हे. त्या धान्याने केलेला दासोह जंगमाच्या ताटात पडला, तरी तो दासोह होत नाही. अशा जमिनीचे दान कोणत्याही मठाने स्वीकारू नये, तिच्या उत्पन्नातून कळस चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मठच जर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवू लागले, तर पुढाऱ्यांना कोण सांगणार?

कागद परत करणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. भाऊबंद बोलतील, जावई रुसतील, शेजारी वेड्यात काढील. परंतु एकाने केले तर दहा जण पाहतील. व्याज सोडून मुद्दलावर शेत मोकळे करावे. गड्याच्या नावे असलेले शेत खरोखर त्याच्या ताब्यात द्यावे आणि व्यवहार उघड्या बाजारात, कापूस तोलताना काटा सरळ धरून करावा. मते मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारावा: एक-सत्तर तुम्ही चालविणार काय, आणि आरंभ कोणापासून करणार? 'मोठ्यांपासून' असे उत्तर आले, तर त्याला मत द्यावे. मग त्या मोठ्यांत आपलाच भाऊबंद असला तरी.

पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरेल. आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे दुकाने लावतात. यंदा जाल तेव्हा तेथे कोणाच्या अंगणात आपण बसलो आहोत, एवढे मनात ठेवून पाल ठोका.

शरणु शरणार्थी.